एका बटणात पत्ता

परवा बँकेतल्या बंद खोलीत एसीचा थंड, धुळकट वास आला आणि मला कराडच्या सहकारी संस्थेच्या ऑफिसातली कॉम्प्युटरची काचेची खोली आठवली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आणि आष्ट्याची सुमन तिथं दिवसभर सभासदांचे पत्ते टाइप करायचो. नाव तेवढं बदलायचं. खाली तेच गाव, तोच तालुका, तोच जिल्हा. एके दिवशी मी मॅक्रो बनवला. एक बटण दाबलं की खालच्या तिन्ही ओळी आपोआप उमटायच्या. आठवड्याचं काम दोन दिवसांत संपलं.

मी हौसेनं साहेबांना सांगायला उठले, तर सुमननं मनगट धरलं. "सांगू नगा, ताई. काम एवढंच हाय म्हटल्यावर एकीलाच ठेवत्याल. माज्या घरात दुसरा पगार न्हाई."

मी खाली बसले. पुढचे चार महिने आम्ही त्या काचेआड सहा वाजेपर्यंत रिकाम्या पानावर उगाच बटणं बडवत होतो. साहेब डोकावले की आणखी जोरात बडवायचो. शेवटी मीच राजीनामा दिला.

तेव्हा वाटायचं, सुमननं मला कोंडून घातलं. पण मला राजीनामा देता आला. तिला तोही देता येत नव्हता, हे कळायला माझी बरीच वर्षं गेली.