सहावा नट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी जे करून ठेवलं ते ऐकल्यावर तुम्ही मला दुसरा चहा देणार नाही!

आमच्या सासऱ्यांची अँबेसेडर मोहाडीला पंधरा वर्षं धानाच्या पोत्यांआड उभी होती. ती भंगारात निघाली तेव्हा मी छाती पुढे करून म्हणालो, "मामाजी, माझ्यावर सोडा! गाडी चालती झाली की पहिल्याच रविवारी तुम्हाला हिच्यात बसवून तलावाला चक्कर मारून आणतो."

आता मी कोण? जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारा कारकून. फायली लावणं हेच माझं यंत्रकाम. पण स्वप्नं बघण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही!

वरठीच्या मिस्त्रीनं गाडी चालती करून दारात आणून दिली. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडायचा तेवढा मी हौसेनं माझ्याकडे ठेवला. सहाच तर नट! पाच समोर दिसतात. सहावा मात्र मागच्या कोपऱ्यात असा दडलेला की डोळ्यांना दिसतच नाही. हात कसाबसा मनगटापर्यंत जातो, पुढचं सगळं चाचपून. मी हाताला तेल चोपडलं, लग्नात मामाजींनी घातलेली अंगठी काढून नीट ठेवली. कुठे ठेवली? तेच तर!

थंडीतली दुपार, निंबाची सावली, हात इंजिनात. काही दिसतच नाही तर डोळे उघडे कशाला ठेवायचे? मिटले. आणि काय सांगू, मी थेट मोहाडीला! तलावाच्या पाळीवरून गाडी तरंगत चालली आहे, कापलेल्या धानाचा वास येतो आहे. आवाज इतका कमी की पाण्याकाठचे बगळे मानसुद्धा वळवत नाहीत. शेजारी मामाजी, डोळे भरून आलेले. इकडे बोटं आपली आपली चालली होती. शेजारच्या ताटलीतलं वायसर, म्हणजे नटाखालची चकती, उचल, सरकव, नट फिरव. सहावा नट कधी बसला ते मला कळलंच नाही.

जागा झालो, गाडी सुरू केली. फट्-फट्-फट्-फट्!

माझी बायको मंदा धावत बाहेर आली. "हे काय जी? गाडी हाय का पिठाची चक्की?" मग तिची नजर माझ्या बोटावर गेली. "अंगठी कोठी हाय?"

मीही बोटाकडे बघितलं. मोकळं! तोंडातून निघून गेलं, "सोनाराकडे. ढिली झाली होती ना."

"बाबानं देल्लेली अंगठी? मले न सांगता? कोन्त्या सोनाराकडं?"

"भंडाऱ्याच्या. नवीन आहे तो."

"मी उद्या भंडाऱ्याले चालली, घेऊन येते."

"बंद आहे दुकान."

"काहून?"

"त्याची आजी वारली."

झालं! मंगळवारी आजी, बुधवारी काका, गुरुवारी भावाचा पाय मोडला. शुक्रवारपर्यंत त्या गरीब सोनाराचं अर्धं घर मी रिकामं केलं. मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारा! आयतवारी मोहाडीले जाता जाता त्याच्या घरी बसाले जाऊ जी."

आता आली का पंचाईत! अंगठीसाठी मी पेट्रोलचे डबे, चिंध्या, निंबाखालची मातीसुद्धा चाळली. आणि पाइप सैल राहिला असेल म्हणून रोज तो सहावा नट आणखी घट्ट केला. गाडीचं आपलं फट्-फट् चालूच.

रविवारी सकाळी मामाजींचा फोन आला. "जवाई, मी नवं धोतर नेसून ओट्यावर बसून हावो." मी पाना घेऊन गाडीकडे धावलो. आणि हात तर सुजून भाकरीसारखा झालेला, आत शिरेना.

मंदानं पदर खोचला. "सरका."

"अगं, दिसत नाही तिथलं काही!"

"धानाच्या रोवणीत चिखलातलं कोनाले दिसते जी? बोटाईले समजते."

बांगड्या वर सारून तिनं हात आत घातला. आखूड पाना चार वेळा फिरला आणि नट बाहेर. मग तिचा हात थांबला.

"वायसर किती टाकले?"

"एकच."

"दोन हायत."

हात बाहेर आला. तळव्यावर एक जाड वायसर, आणि त्याच्या शेजारी काजळीनं माखलेली माझी अंगठी! वायसरांच्या ताटलीतच नीट ठेवली होती की मी, आणि तंद्रीत तीच आधी सरकवली. ती वायसराखाली तिरकी अडकली, म्हणून पाइप घट्ट बसेना. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मंदानं अंगठी पदराला पुसली. "मंग? बसाले जाचं का सोनाराकडं?"

तिनंच वायसर घातलं, नट आवळला, अंगठी आपल्या अंगठ्यात घातली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मी गाडी सुरू केली. मोहाडीपर्यंत एकदाही फट्-फट् नाही.

मामाजी माझ्या शेजारी बसले. तलावात शिंगाड्याचे वेल पसरले होते, पाण्यावर कोवळं ऊन. गाडी अगदी हळू, झोपेत चालल्यासारखी चालली होती. मामाजींनी डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जवाई, आवाजच नाही ना जी! तुमी तं गाडीचं सोनं केलं!"

मागून मंदा म्हणाली, "सोनंच केलं होतं बाबा. मी ते काढलं, तवा कोठी आवाज बंद झाला."