नवा ब्रेक आणि आबांचा धोंडा

पलटणीतल्या गड्यांनो, कार्ड वाचून पुढच्याला धाडा.

मिलिटरीच्या भंगारातनं घरीच जोडलेल्या माझ्या ट्रकला आज नवं स्टेअरिंग आणि नवे ब्रेक बसवले. लय खूश हाय.

जुनं स्टेअरिंग अर्धा फेरा फिरवल्याशिवाय चाक हलायचं न्हाई. आज उतारावरच्या वळणाला त्याच सवयीनं फिरवलं आणि ट्रक थेट आमच्याच उसात. ब्रेक दाबला, तर जागच्या जागी उभा.

तरी, जुने ब्रेक लागायचे न्हाईत म्हणून कायम धोंडा घेऊन मागं बसणाऱ्या आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, नेहमीसारखी उडी मारून चाकाखाली धोंडा सारला.

"आवं आबा, ब्रेकनंच थांबलाय."

"बघितलं की," म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढं माझ्या शेजारी येऊन बसले. मांडीवर धोंडा.

तुमीच सांगा रं, हा धोंडा कवा उतरवायचा?