कडवं संपेपर्यंत

लासुर्ण्याकडच्या कुठल्याही लग्नात तो दिसायचा. वराकडचा नव्हे, वधूकडचाही नव्हे, बँडकडचा. सायकल ढकलत वाजंत्र्यांच्या कडेने चालायचा आणि रिकामी उजवी मूठ खुळखुळा धरल्यासारखी हलवायचा. हॉटेलात चहाचा ग्लासही डाव्या हातात असे, कारण उजवा हात कामात असे.

"एकदा बँडात वाजवायचंय म्हंतो," हॉटेलवाला सांगायचा, "दुसरं काय मागणं न्हाय त्याचं."

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास एका साखर कारखान्याच्या हंगामाच्या मोळीपूजनाला, तिथल्या लग्नांत वाजवणारा बँड थेट स्टेजवर बसवला होता. खुळखुळेवाला तापाने घरी होता. बँडमास्तरांना गर्दीत ओळखीची मूठ दिसली.

"ओ दादा, या वर! किती दिस रिकामंच हलवणार?"

तो चपला काढून, देवळात जावं तसा स्टेजवर गेला. दिलेला लाल कोट गुडघ्यापर्यंत आला.

गाणं रंगात असतानाच प्रमुख पाहुणे आले. कारखान्याच्या अध्यक्षांनी हात वर केला. बँड थांबला, खुळखुळा थांबला नाही.

"थांबा की, सायेब आलं!" मास्तर कुजबुजले.

"येऊ द्या की," तो डोळे मिटूनच म्हणाला. "कडवं संपलं न्हाय अजून."

मांडव हसला. क्लॅरिनेटवाल्यालाही राहवेना, त्याने सूर उचलला आणि मागोमाग सगळा बँड. पाहुणे हारासाठी मान वाकवून तसेच उभे राहिले.

कडवं संपताच त्याने कोट घडी करून परत दिला आणि सायकल काढली.

त्या दिवशी त्या मांडवात बसून मी पुढे बरीच भाषणं ऐकली. वेळेवर संपलं ते फक्त ते कडवंच.