आईच्या गुंडावरचं नाव

आमच्या वलगावच्या घरात पितळेचं एकही भांडं नव्हतं. पाहुणे आले की आई शेजारून पाण्याचा गुंड आणायची आणि त्यावर कोरलेलं शेजाऱ्याचं नाव भिंतीकडे फिरवून ठेवायची. भाजी विकून तिनं मला अमरावतीत बी.ए. केलं. पहिल्या पगारात मी गुंड घेतला आणि ठरवलं, यावर आईचं नाव मीच कोरणार.

शिकलेला माणूस काम शिकायच्या आधी सामान जमवतो. अकोल्याच्या बाजारातून मी ऐरण, हातोडे, सांडशी, भाता, सगळं आणलं. कोरायची छिन्नी मात्र स्वतः घडवली. ग्रॅज्युएटाला एवढं येणारच! तिचं टोक पहिल्याच ठोक्याला वाकलं.

गावचा लोहार हसला. "काहून जी, लाल करून पान्यात बुडवली नाई काय?"

"राखेत निवू देल्ली."

"मंग नरमच राहीन ना ते! तीन वर्सं कालेजात काय करून राह्यले होते?"

मी छिन्नी पुन्हा घडवली आणि लाल करून पाण्यात बुडवली. मग दोन महिने त्यानं मला पत्र्याच्या तुकड्यांवर ठोकायला बसवलं. आई तर गुंडाला हातच लावू देईना. "पयले हात बसू दे, बापू. मंग माह्या गुंडाले लाव."

शेवटी नाव कोरलं. आईनं त्यावर बोट फिरवलं. "मले वाचता येत नाई, पन हे तिसरं अक्षर पडून राह्यलं."

पडलं होतंच. तरी तिनं गुंड नाव दाराकडे करून ठेवला. छिन्नी माझी होती, नाव तिचं होतं, आणि ते वाचता येत होतं.