धुऱ्यावरची सरडी

"ताई, धुऱ्यावर सरडी खड्डे उकरून राहिली दोन दिवसांपासून. पोट हे एवढं! या लवकर."

संध्याकाळी कांताबाईंचा फोन. मी घाबरून विचारलं, "धुरावर? आग लागली का?"

पलीकडे हसू थांबेना. "अवो ताई, धुरा म्हणजे बांध! तुमच्या इंग्लिस शाळेत हे नाही शिकवलं?"

नाही शिकवलं. दहा वर्षं कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये राहून मला ओकच्या झाडाचं स्पेलिंग पाठ होतं. शेताच्या बांधाला आपल्याकडे धुरा म्हणतात हे साठीनंतर कळलं.

कांताबाई बारा वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला होत्या. आता उमरेडच्या पुढे, आपल्या गावी शेती बघतात. मला सरड्यांचं वेड लागलंय हे त्यांना ठाऊक. त्यातही तो चिमुकला, गळ्याखालचा पंखा फटकन उघडणारा. त्याची मादी अंडी घालताना एकदा तरी बघायची होती. अडचण एकच होती: दुसऱ्या दिवशी दुपारी शेतात नांगरटीचा ट्रॅक्टर येणार होता.

मी रात्रीच दुर्बीण, कॅमेरा घालून पिशवी भरली!

जाणार असाल तर माझं ऐका आणि मे महिन्यात पहिली एसटी धरा. गणेशपेठ स्टँडवरून उमरेडच्या गाड्या भरपूर आहेत, आम्हा बायकांना अर्धं तिकीट. दीड तास धरून चला. खिडकी उजवीकडची घ्या, डावीकडून ऊन येतं असं मी लिहिणार होते, पण ऊन दोन्हीकडून आलं. उमरेडला स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पुढे शेअर ऑटो. सुती दुपट्टा, दोन बाटल्या पाणी आणि ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा. कांद्याला हसू नका.

आठला आम्ही दोघी बाभळीच्या विरळ सावलीत बसलो होतो. समोर भेगाळलेलं शेत, आणि धुऱ्याच्या पायथ्याशी, बरोबर नांगर वळेल तिथे, ती! मातीच्याच रंगाची, माझ्या बोटापेक्षा थोडी लांब. शेजारी उकरून सोडलेले तीन खड्डे.

"तीन जागा नापसंत केल्या तिनं," कांताबाई कुजबुजल्या. "लेकीसाठी स्थळ पाहून राहिली जशी."

पुढच्या पायांनी ती माती मागे फेकत होती. थांबायची, मान वर करून बघायची, पुन्हा उकरायची. मग वळली आणि मागचं अंग खड्ड्यात सोडून गप्प बसली. पांढरं काहीतरी दिसलं आणि मी कांताबाईंचा हात एवढा दाबला की त्यांची बांगडी पिचली. त्यानंतर जे पाहिलं ते मी जन्मभर विसरणार नाही. तिनं माती परत ओढली आणि तोंडानं, कपाळानं ती दाबत राहिली. टप, टप, टप. वर काड्या-पानं पसरली. खड्डा कुठे होता ते मलाही सांगता येईना.

आणि ती निघून गेली. सरळ, तुरुतुरु, एकदाही मागे न बघता.

मी सात वर्षांची असताना आई मला बोर्डिंगच्या फाटकाशी सोडायला आली होती. स्वेटरची बटणं लावली, डोक्यावर दोनदा थोपटलं आणि चालू लागली. वळून पाहिलं नाही. ते मी फार वर्षं मनात धरलं होतं.

"पाहिलंसुद्धा नाही हिनं," मी म्हणाले.

"काहून पाहील? तिथं घुटमळली असती तर वरचा कावळा काय आंधळा हाय? जागा दाखवणंच झालं ते."

मी मान वर केली; बाभळीवर कावळा होताच.

पण ट्रॅक्टर यायचाच होता. अंडी हलवायची नव्हती. आत पिल्लू धरलं की अंडं उलटंपालटं होऊन चालत नाही, हे मी वाचलं होतं. कांताबाई घरी गेल्या आणि शेंदूर घेऊन आल्या. घरट्याच्या अलीकडे हातभर अंतरावर एक दगड ठेवला आणि त्याला तो फासला.

"कांताबाई, हे खोटं नाही का?" माझ्यातली शाळकरी मुलगी विचारून बसली.

"मी कुठं म्हटलं देव हाय? मी तं फकस्त दगड रंगवला."

बाराला माणिक ट्रॅक्टर घेऊन आला. उतरला, दगडाजवळ उभा राहिला.

"काकू, हा देव काल नव्हता."

"आज आला. तुले काय करायचं गा? तिकून फिरव."

माणिकनं शेंदराला बोट लावून पाहिलं. ओला होता. एकदा कांताबाईंकडे, एकदा माझ्या दुर्बिणीकडे बघून तो हसला, आणि चप्पल काढून नमस्कार केला. मग त्यानं धुऱ्यालगतचा खाटेएवढा पट्टा सोडून नांगर फिरवला.

भाकर आणि मुंगवड्यांची भाजी खाऊन मी चारची गाडी पकडली.

घरी येऊन दीड महिना झाला. फोटो धड एकही नाही, सगळ्यात माझा हात हललाय. आईचा मात्र एक जुना फोटो कपाटातून काढून टेबलावर ठेवलाय. ही पोस्ट अर्धी लिहून पडली होती. आज सकाळी कांताबाईंचा फोन आला म्हणून पूर्ण करतेय.

"ताई, देवामागं भोक पडलं. करंगळी जाईल एवढं. आतून उकरल्यासारखं."

"पिल्लं दिसली?"

"एकबी नाही. गेले असतील. मांगं न पाहता."