आधी खूण, मग काम

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तिच्यात कामांची यादी आहे आणि झालेल्या प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण. यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. सांगण्यासारखं हे की त्या खुणा सगळ्या वेगवेगळ्या हातांच्या आहेत. एक थरथरती, एक ऐटबाज, एक तर इतकी लांबलचक की खालची दोन कामंही तिच्यात उरकली गेलीत. ज्यांची वही आहे त्यांना मात्र खूण करायची सक्त मनाई. कवळी तोंडात बसली, चावून झालं, आरशात हसून झालं, की ज्याची कवळी त्यानंच पेन हातात घ्यायचं. हा नियम यादीकाकांनी एका शनिवारी स्वतःच स्वतःला घालून घेतला. तो का, तेच सांगायचं आहे.

यादीकाका म्हणजे कवळ्या बनवणारे कारागीर. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांच्या जबड्यांचे ठसे घेतात आणि मागच्या खोलीत काका त्या ठशांवरून दात उभे करतात. हात असा की विचारू नका. एखाद्या आजीबाईंचा तरुणपणचा फोटो मागवून घेतील, त्यात एक दात किंचित पुढे दिसला की नवा दातही केसभर पुढे बसवतील, आणि त्या आजीबाई आरशात बघून आधी रडतील, मग खुदकन हसतील. कामात असा बिनतोड माणूस. वेळेच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता.

म्हणजे आळशी नव्हेत हं. आळस परवडला. सकाळी एकाच्या साच्याचं प्लास्टर कालवायला घेत. ते घट्ट होईपर्यंत दुसऱ्याचं मेण तापवत. मेण तापेपर्यंत खिडकीची कडी सैल झालीय हे ध्यानात येई. कडीसाठी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला खण उघडावा, तर खणात हरवलेला चष्मा सापडे, आणि चष्मा सापडला म्हणून वर्तमानपत्र वाचून होई. दुपारपर्यंत कडी घट्ट, बातम्या पाठ आणि दात एकही नाही.

यावर त्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. उपायच उपाय केले. दरवर्षी जाडजूड डायरी आणली आणि पहिली नऊ पानं सुवाच्य अक्षरात भरली. भिंतीवर चार रंगांचा तक्ता लावला. कुठला रंग कशासाठी हे एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी हरवली. घरच्या आरशावर चिकट कागदांची अशी गर्दी केली की दाढी करायला शेजाऱ्यांकडे जावं लागलं. भाच्यानं फोनवर एक युक्ती घालून दिली: फोनला हात लावला नाही तर पडद्यावर एक झाड वाढतं, हात लावला की मरतं. झाड किती वाढलं हे बघायला काका दर पाच मिनिटांनी हात लावत. आठवडाभरात अख्खं जंगल साफ झालं.

टिकली ती फक्त वही. तिच्यामुळेच त्यांना यादीकाका हे नाव पडलं आणि तिच्यातच सगळी गोम होती. काकांना खूण करण्याचा विलक्षण शौक. पेन टेकवलं, झर्रकन ओढलं की अंगात हुशारी यायची. ही हुशारी काम झाल्यावर येऊन उपयोग काय, ती कामाच्या आधी हवी, असा त्यांनी शोध लावला. तेव्हापासून ते आधी खूण करत आणि मग कामाला लागत.

"खूण झाली म्हणजे आता काम करणं भागच," असं ते समजावून सांगत.

"अहो, जेवणाआधी ढेकर देता का तुम्ही?" काकू विचारत.

काकू एका शाळेचं ग्रंथालय सांभाळतात. चार हजार पुस्तकं कुठल्या फळीवर आहेत ते त्यांच्या डोक्यात असतं आणि यादी म्हणून त्यांनी जन्मात काही लिहिलेलं नाही. दोघांचा संसार सुखाचा आहे. एक विसरतो आणि एकीला ते आठवतं.

तर एक शुक्रवार उजाडला. सकाळचे आठ वाजले होते. काकू शाळेत जाता जाता काकांचा डबा द्यायला मागच्या खोलीत आल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. क्लॅरिनेटवाले आजोबा बोलत होते.

हे आजोबा एका वाद्यवृंदात चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडले आणि वरचे दात गेले. क्लॅरिनेटचं टोक वरच्या दातांवर टेकवून धरावं लागतं. दुसरीकडून दोनदा कवळी करून घेतली, पण फुंकर मारली की ती हलायची. आजोबांनी वाद्य पेटीत घातलं आणि पेटी कपाटावर ठेवली. शेवटी ते डॉक्टरीणबाईंकडे आले तेव्हा काकांनी ते वाद्य मागवून घेतलं होतं, त्याचं टोक स्वतःच्या तोंडात धरून पाहिलं होतं, आणि पुढचे दात नेमके कुठे दाब घेतील याचा दोन आठवडे विचार केला होता. असं काम आयुष्यात एकदा हाती येतं, हे ते सगळ्यांना सांगत सुटले होते.

"उद्या अकराला येतो," आजोबा फोनवर म्हणाले. "झालेत ना हो?"

काकांनी वही उघडली. साचा, मेण, धातूचा डबा, शिजवणे, घासणे. पाचही कामांपुढे पाच देखण्या खुणा.

"झालेत म्हणजे काय! कधीच झालेत!" काका म्हणाले, फोन ठेवला आणि काकूंना आपली कारागिरी दाखवावी म्हणून मोठ्या रुबाबात कपाटातला ट्रे काढला.

ट्रेमध्ये दात होते. पण ते मेणात रोवलेले होते. नुसत्या मेणात. डबा नाही, शिजवणं नाही, घासणं तर फार लांब. तीन कामं फक्त खुणांमध्ये झालेली होती.

दुसऱ्यांचे दात करणाऱ्या माणसाची दातखीळ बसली. काकूंनी ट्रेकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि फोन काकांपुढे सरकवला.

"फोन करा आणि खरं ते सांगा," त्या म्हणाल्या.

काकांनी फोन लावला. उचलला तो आजोबांच्या नातीनं.

"आजोबा अंघोळीला गेलेत. तुम्ही दातवाले काका ना? त्यांनी काल क्लॅरिनेट खाली काढलं. सगळं पुसून ठेवलंय. परवा आमचा कार्यक्रम आहे, आम्ही दोघं मिळून वाजवणार आहोत." ती एका दमात बोलली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "काका, मी त्यांच्याकडेच शिकते. पण मी त्यांना वाजवताना कधी ऐकलंच नाहीये. आम्ही इथे राहायला आलो आणि मी शिकायला लागले तेव्हा त्यांचे दात गेले होते. ते नुसतं तोंडानं सांगतात, असं कर, तसं कर. उद्या ऐकायला मिळेल ना?"

खरं सांगायला फोन केला होता आणि आता खरं सांगायचं बळ राहिलं नव्हतं.

"उद्या अकरा," ते म्हणाले. "आजोबांना म्हणावं, वाद्य घेऊन या."

फोन ठेवून त्यांनी कपाळावर हात मारला. मग लगबगीनं पेन घेतलं, वहीचं नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'आजची तातडीची कामं'. खाली रेघा आखायला पट्टी शोधू लागले.

काकूंनी शांतपणे त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. मग वही घेतली. मग खिशातलं दुसरं पेन, टेबलावरची पेन्सिल, फोन आणि खिडकीतला छोटा रेडिओ. सगळं आपल्या पिशवीत भरलं.

"अगं, निदान यादी तरी!"

"तुम्हाला काम करायचं असतं तेव्हा तुम्ही काम करता, आणि टाळायचं असतं तेव्हा यादी करता," काकू म्हणाल्या. "काम एकच आहे. एका कामाची यादी कसली? दार बाहेरून ओढून घेते. डॉक्टरीणबाईंना सांगते, आज यांच्याकडे कुणाला पाठवू नका."

आणि त्या शाळेत निघून गेल्या.

काका दोन मिनिटं रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले. एवढं रिकामं टेबल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग बाह्या सरसावल्या. मेणातले दात धातूच्या डब्यात प्लास्टरनं पक्के केले. प्लास्टर घट्ट होईपर्यंत दुसरं काही हाती घ्यायला त्यांचे हात शिवशिवले, पण घेण्यासारखं काही काकूंनी ठेवलंच नव्हतं. ते बसून राहिले. मग गरम पाण्यानं मेण वितळवून काढलं, त्या पोकळीत गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा लगदा भरला आणि डबा आवळला. बाराच्या ठोक्याला डबा पाण्याच्या भांड्यात गेला.

खरी परीक्षा पुढेच होती. हे शिजवणं आठ तासांचं. पाणी उकळून अर्ध्या तासात उरकता येतं, पण तसं केलं तर कवळी केसभर वाकडी होते. भाजी-भाकरीला केसभर चालतं, क्लॅरिनेटला चालत नाही. पारा सत्तर आणि पंचाहत्तरच्या मध्येच राहायला हवा, आणि भांड्याचं आपोआप बंद होणारं बटण महिनाभर बिघडलेलं होतं. ते दुरुस्त केल्याची खूण वहीत होती.

म्हणजे आठ तास कुणीतरी समोर बसून राहायला हवं होतं. पारा चढला की बटण बंद, उतरला की चालू. काका स्टूल ओढून बसले.

पहिला तास फार वाईट गेला. खिडकीची कडी हलत होती. नजर तिकडे गेली, त्यांनी ती निग्रहानं परत आणली. तिसऱ्या साच्याचं काय झालं असेल हे आठवलं. भाच्याला फोन करायचा राहिलाय हे आठवलं. दुसऱ्या तासाला राहवेना, तेव्हा त्यांनी मेणाचा एक तुकडा घेतला आणि कोरणीनं त्यावर लिहिलं, '१. बसणे'. कोरणी खूण करायला पुढे सरसावली, आणि काकांनी तिला अर्ध्या वाटेवर थांबवलं. स्वतःशीच हसले. तो तुकडा मुठीत दाबून त्याची गोळी केली.

तिसऱ्या तासानंतर मजाच झाली. डोक्यातली गर्दी पांगली. पाण्याचा बारीक आवाज ऐकू येऊ लागला. पारा चढणार हे चढायच्या आधीच कळू लागलं. इतक्या वर्षांत एवढा वेळ आपण एकाच ठिकाणी होतो तो कधी, हे त्यांना आठवेना. चार वाजता डॉक्टरीणबाईंनी दार हळूच उघडून चहा दिला आणि काका जागेवर बसलेले पाहून त्या घाबरल्याच.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"फार बरं वाटतंय," काका म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

आठ वाजता त्यांनी बटण बंद केलं. डबा त्याच पाण्यात आपोआप निवू दिला, कुलूप लावलं आणि घरी जाऊन गाढ झोपले. शनिवारी सहालाच येऊन डबा उघडला, कवळी सोडवली, तासली, घासली. साडेदहाला ती पाण्याच्या वाटीत पडून चमकत होती.

अकराला आजोबा आले. सोबत नात, दोघांच्या हातात दोन पेट्या. काकांनी आधी खरं सांगून टाकलं: काल तुम्हाला झालेत म्हणालो ते झाले नव्हते, आज झालेत; पण वहीतली खूण यापुढे मी करणार नाही, ज्याची कवळी त्यानंच करायची. आजोबांनी हात हलवून ते उडवून लावलं. त्यांचं सगळं लक्ष वाटीकडे होतं.

डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली. आजोबांनी वाद्य जोडलं, टोक ओठांत घेतलं आणि फुंकर मारली. फुस्स झालं. नुसती हवा. नात आजोबांकडे बघायला लागली आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"उजवीकडे मागे टोचतंय," आजोबा म्हणाले. "तिकडेच लक्ष जातंय."

काकांनी कवळी हातात घेतली, एका जागी बोट फिरवलं, अगदी नावाला घासलं आणि परत दिली. आजोबांनी डोळे मिटले.

या वेळी सूर आला. आधी बारीक, मग भरत भरत खोलीभर झाला. कवळी तसूभर हलली नाही. पुढच्या खोलीत बसलेले रोगी गाल धरून दारात येऊन उभे राहिले. आजोबा सुरासुरानं संथपणे वर चढले, तिथे थांबले, आणि हसत हसत उतरावं तसे खाली आले. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही, कारण पुसायला डोळे क्षणभर झाकावे लागले असते.

वाजवणं थांबलं तेव्हा नात आपलं वाद्य पेटीत परत ठेवत होती.

"काय झालं गं?" आजोबांनी विचारलं.

"उद्या मी नाही वाजवत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही एकटेच वाजवा, आजोबा. तुम्ही असं वाजवता हे मला माहीतच नव्हतं."

"वेडी की काय!" आजोबांनी तिला जवळ ओढलं. "दोन वर्षं मी वाजवलं ते तुझ्या तोंडानं. रोज संध्याकाळी तू वाजवायचीस म्हणून मी जिवंत होतो. आता माझे दात आले तर मला एकटं सोडतेस होय? काढ ते बाहेर."

तिनं नाक ओढलं, वाद्य बाहेर काढलं आणि त्यांच्याशेजारी उभी राहिली. आजोबांनी मान हलवून ताल दिला. दोघांनी एकदम श्वास घेतला, आणि पहिला सूर दोघांचा मिळून एकच आला.