जमिनीचा वाटा

तो म्हातारा गेला, तरी शुक्रवारची दुपार झाली की कुणीतरी माझी वाट बघतंय असं वाटत राहतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण जेवताना घास हातात राहतो आणि मी उगाच दाराकडे बघतो. बायको म्हणते, "कोण येणारे?" येणारा मीच आहे, हे तिला कसं सांगू?

अल रुवैसच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की त्याचा फार्म लागतो. खजुराची झाडं, एक बैठं घर आणि मागे लांबवर पसरलेलं खडकाळ माळरान. माझा कतारी बॉस हिवाळ्यात शुक्रवारी ससाणा घेऊन तिथे सशाच्या शिकारीला जायचा आणि मलाही न्यायचा. मी ऑफिसात अकाउंट्स बघतो, शिकारीत माझा उपयोग शून्य. पण माझं गाव रत्नागिरीकडचं, लहानपणी वडिलांमागे रान तुडवलंय, हे एकदा बोलून गेलो आणि फसलो.

जमीन दुसऱ्याची, म्हणून बॉस आदल्या दिवशी म्हाताऱ्याला फोन करी. शुक्रन, म्हणजे आभार, म्हटलं की खलास. मला ते पटेना. आमच्याकडे ज्याच्या जमिनीत शिकार मिळाली त्याच्या दारात आधी मागचा पाय जातो, मग बाकीचे वाटे पडतात. तोंडदेखले आभार मानणाऱ्याला माझ्या वडिलांनी पुन्हा रानात नेलं नसतं. तेव्हा मी हट्टाने सशाचा मागचा पाय फॉइलमध्ये गुंडाळून म्हाताऱ्याकडे गेलो. बॉस गाडीत बसून हसत होता.

म्हाताऱ्याच्या तोंडात एकही दात नव्हता. तरी त्याने वाटा दोन्ही हातांनी घेतला, मला बसवलं, कॉफी पाजली. तरुणपणी मुंबईला येणं-जाणं असल्याने त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं. माझंही काही फार धड नाही, त्यामुळे आमचं छान जमलं. घरात तो आणि एक मलबारी स्वयंपाकी, एवढेच. मुलं शहरात, अल अझीझियाला व्हिलात राहायची आणि तिकडे चला म्हणून बापाच्या मागे लागलेली.

निघताना मी म्हणालो, "अच्छा बाबा, आता हूँ."

पुढच्या शुक्रवारी स्वयंपाक्याने मला बाजूला घेतलं. "साब, आप बोला आता है. बाबा गेट पे कुर्सी डालके बैठा. मगरिब का नमाज हो गया, उठा नहीं. खाना भी नहीं खाया."

मला हसू आलं. कुणाच्या दारातून 'जातो' म्हणून निघायचं नाही, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं, की मी मराठीतलं 'येतो' तसंच्या तसं हिंदीत म्हटलं होतं. मी त्याला सगळं समजावलं. 'जातो' अशुभ वाटतं, 'येतो' म्हणजे आज निघतोय, पुन्हा कधीतरी येईन.

"कब?" त्याने विचारलं.

"इन्शाल्ला, बाबा."

तो फाटकापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "बोलो. आता हूँ बोलो." मी बोललो.

पुढे दर शुक्रवारी ते ठरूनच गेलं. मुलं न्यायला आली की तो सांगे, पाहुणा येतो म्हणून गेलाय, फाटक बंद कसं करू? मुलांनी बॉसला विचारलं, हा हिंदी पाहुणा कोण? बॉसने मला फैलावर घेतलं, तेही हसत हसत. मी मात्र मनातून खूश होतो. माझ्या एका शब्दाच्या जोरावर म्हातारा आपल्या घरात टिकून होता.

उन्हाळा आला, शिकार बंद झाली. अल हिलालच्या फ्लॅटमध्ये एसी लावून पडलेलो असताना स्वयंपाक्याचा फोन येई. "बाबा पूछता है, किधर पहुँचा?" जसा काही मी वाटेतच होतो. थंडी पडली की येतो, मी म्हणायचो. शेवटचा फोन आला तो म्हातारा गेल्याचा. तापात त्याने खाट फाटकाकडे तोंड करून लावायला सांगितली होती, म्हणे. ते ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

या हिवाळ्यात मुलांनी शिकारीची परवानगी सहज दिली. ससाण्याने पहिल्याच झेपेत ससा धरला. मी मागचा पाय बाजूला काढला.

"अब किसको देगा?" बॉस म्हणाला. "यल्ला, चलो."

परतताना फाटक आलं तसा ससाण्याने डोळ्यांवर कातडी टोपी असताना मान वळवली. गाडी पुढे सरकत होती आणि त्याची मान फाटकाच्या कोपऱ्याकडेच वळत होती. बॉसनेही पाहिलं. मी थांबवायला सांगायच्या आत त्याने गाडी थांबवली.

फाटकाला कुलूप होतं. मी वाटा गजांमधून आत ठेवला. रडू आवरेना. शुक्रन म्हणवेना. आणि 'येतो' म्हटलं तर म्हातारा आणखी किती बसून राहणार?

"बाबा, खाना खा लो," मी म्हणालो. "मैं जाता हूँ."